बुलेटच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय, तीन सील बदलून झाले

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. बाबांची १९७४ ची बुलेट ३५० आहे. बिडाचं इंजिन, वेगळा गिअरबॉक्स, उजव्या पायाचे चार गिअर, टाचेखाली न्यूट्रलची पट्टी. दोन वर्षांपूर्वी गोठ्याशेजारच्या खोलीतून बाहेर काढली आणि रस्त्यावर आणली. इंजिन एका किकमध्ये लागतं, त्याची काही तक्रार नाही.

तक्रार गिअरबॉक्सची आहे. रात्री गाडी ओसरीत लावली की सकाळी शहाबादी फरशीवर भाकरीएवढा डाग असतो. दोन वर्षांत किक शाफ्टचं सील (तेल अडवणारी रबराची कडी) तीनदा बदललं. बाहेरच्या कव्हरचं पॅकिंग दोनदा नवीन टाकलं, दुसऱ्यांदा सिलिकॉन लावून. प्रत्येक वेळी पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. आता उन्हाळ्यात तर १०० किलोमीटरला पाव वाटी तेल वर भरावं लागतं. शिवाय परळीहून येताना चढावर क्लच स्लिप मारायला लागलाय. दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध आहे का तेही कळत नाही.

गाडी इथल्या एका गॅरेजवर दिली होती. त्यांनी काय केलं ते पुढे उघडल्यावर कळेलच. आता स्वतः करायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

उदगीरचा_फिटर

भाऊ, सील आणायला जाऊ नका आधी. मला हे सांगा:

डाग कुठं पडूलालाय? किकच्या खाली का मागच्या चेनच्या खाली? गिअरबॉक्समध्ये तेल किती भरता आणि कोणतं? आणि डाव्या बाजूचं प्रायमरी केस, म्हणजे इंजिनकडून क्लचकडं जाणारी चेन असते ते, त्यातली तेलाची लेव्हल कधी बघितली का?

डागावर जाऊ नका, तेल चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं आणि उभ्या गाडीत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. गळती एकीकडं अन् थेंब दुसरीकडं. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या बोटावर विश्वास ठेवून दोनदा चुकलोय, तवापासून पावडर मारल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

गाडी रॉकेलनं धुवा, नसंल तर डिझेलनं. दातांचा जुना ब्रश घेऊन कव्हरच्या सांध्यातली माती काढा. आपली काळी माती तेलात भिजली की डांबरासारखी बसते, ती राहिली तर काही कळणार नाही. मग कपड्यानं कोरडं करून तोंडाला लावायची साधी पावडर पूर्ण गिअरबॉक्सवर उडवा. दहा किलोमीटर गाडी फिरवा, इंजिन बंद करून बॅटरी घेऊन बसा. पावडर जिथं पहिल्यांदा ओली झाली तिथं चोर.

परभणी_४३

बुलेट आहे राव, गळणारच. खाली पत्र्याचा डबा ठेवा. आमच्याकडं सगळे तेल काढून ग्रीस भरतात, विषय संपला. मे महिन्यात परभणीला ४३ च्या पुढं पारा गेला की कोणतंच तेल त्या बॉक्समध्ये टिकत नाही. नाहीतर सरळ पाच गिअरचा नवीन बॉक्स बसवून घ्या.

अंबाजोगाईकर

४३ साहेब, राग मानू नका, पण "बुलेट आहे, गळणारच" हे मला मान्य नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, याच गाडीवर रोज ३० किलोमीटर जाऊन-येऊन करायचे. ही गाडी याच ओसरीत, याच फरशीवर उभी असायची. आई दर शनिवारी फरशी घासायची आणि तिथे डाग नव्हता. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बाबा आठ-दहा वेळा याच गाडीवर ब्लँकेटं बांधून औशाकडे गेले. वाटेत तेल वर भरल्याचं त्यांना आठवत नाही. तेव्हा टिकत होतं ते आज टिकत नाही, म्हणजे मधल्या काळात काहीतरी झिजलंय किंवा कोणीतरी बिघडवलंय. ते शोधायचंय. पाच गिअरचा बॉक्स टाकला की ही गाडी बाबांची राहणार नाही.

फिटर काका, तुम्ही सांगितलं तसं काल संध्याकाळी केलं. धुवायलाच दोन तास गेले. पावडर मारून लोखंडी सावरगावच्या चौकापर्यंत जाऊन आलो.

उजवीकडे किक शाफ्टच्या खालच्या अंगाला पावडर आधी राखाडी झाली, मग तिथून बारीक ओघळ खाली आला. गंमत अशी की शाफ्टच्या वरच्या बाजूची पावडर तशीच पांढरी. फक्त खालचा अर्धा भाग ओला. कव्हरच्या सांध्यात दोन ठिकाणी ओल होती, पैकी एक जागा बरोबर स्क्रूच्या डोक्याखाली.

डावीकडे मागच्या चेनच्या छोट्या स्प्रॉकेटच्या मागून तेल फेकलेलं दिसलं, चेनवर आणि गार्डच्या आतल्या बाजूला. आणि प्रायमरीचा लेव्हल स्क्रू काढल्यावर तेल धारेने बाहेर आलं. मी तिथे इतकं कधीच भरलेलं नाही. हाताला चिकट लागलं, वास घेतला तर फटाक्यासारखा, गंधकासारखा.

गिअरबॉक्समध्ये ९० नंबर गिअर ऑइल भरतो. गळतंय म्हणून लेव्हलपेक्षा थोडं जास्तच.

उदगीरचा_फिटर

शाबास. निम्मं काम झालं.

तो गंधकाचा वास गिअर ऑइलचाच. दाताला दात घासू नये म्हणून त्यात गंधकाचं औषध असतं. इंजिन ऑइलला तसा वास येत नाही. प्रायमरीत तो वास आला याचा अर्थ गिअरबॉक्सचं तेल आतल्या आत डावीकडं चाललंय. तुमच्या क्लचला पातळ तेलात चालायची सवय, त्यात ९० नंबर घुसलं की प्लेटा वेळेवर धरत पण नाहीत अन् सुटत पण नाहीत. सकाळी पहिला गिअर टाकताना खडकन् आवाज येत असंल, खरं का नाही? चढावर स्लिप आणि सकाळचा आवाज, दोन्हीचं मूळ एकच.

आता तेल जातं कसं ते समजून घ्या. या बॉक्समध्ये मेन शाफ्ट पोकळ असतो. उजवीकडं क्लचचं यंत्र, डावीकडं क्लच, आणि त्या पोकळ शाफ्टातून आरपार जाते ती क्लच सोडवणारी पुश रॉड. रॉड आणि शाफ्ट यांच्या फटीतून तेल सरकत जाऊन क्लचमध्ये पडतं. लेव्हलपेक्षा जास्त भरलं की या वाटेनं हमखास जातं. गळतंय म्हणून जास्त भरायचं आणि जास्त भरलं म्हणून गळायचं, असं ते चक्र आहे. ते आजपासून बंद करा. लेव्हल स्क्रूपर्यंत, थेंब जास्त नाही. आणि उघडाल तवा रॉड पुसून जाडसर ग्रीस माखून घाला.

दुसरी वाट जास्त वाईट. मेन शाफ्ट ज्या स्लीव्ह गिअरमधून बाहेर येतो त्याच्या आत ब्राँझचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, असतो. स्लीव्ह गिअरच्या बाहेरून सील आहे, पण आतून शाफ्ट आणि बुश यांच्यात फक्त फिटिंगची घट्ट जागा. बुश झिजला की ती जागा उघडी नळी होते. त्यावर बाहेरचं सील दहा वेळा बदला, उपयोग शून्य.

किक शाफ्टचं तर तुम्हीच सांगितलं. खालचा अर्धा भाग ओला, वरचा कोरडा. माणूस किकवर उभा राहतो, पन्नास वर्षं राहिला, कव्हरमधलं भोक खालच्या अंगाला लांबोळकं झालं. शाफ्ट खाली बसतो, सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबराची कड, एका बाजूनं उघडा. तुमची तिन्ही सीलं चांगली होती बघा.

वाळूज_क्यूसी

मी वाळूज एमआयडीसीत रबर पार्ट्सच्या युनिटमध्ये तपासणीला आहे, त्यामुळे सीलबद्दल थोडं. काकांच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. परत आलेली सीलं आम्ही रोज बघतो, त्यातली बरीच स्वतः निर्दोष असतात.

जुनं सील टाकून देऊ नका. भिंगाखाली ओठ बघा. झीज सगळीकडून सारखी असेल तर सीलचं वय झालंय. एका बाजूला चकचकीत रुंद पट्टा आणि समोरच्या बाजूला जवळपास काहीच नाही, तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही. ओठाला उभी चीर असेल तर बसवताना आटे किंवा स्प्लाइन लागलेत. शाफ्टच्या टोकाला पातळ सेलोटेप गुंडाळा, त्यावर तेल लावा आणि मग सील सरकवा. कोरडं सील कधीच बसवायचं नाही, पहिल्या काही फेऱ्यांतच ओठ जळतो.

सीलवर ३०-४७-७ असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलीमीटरमध्ये. दुकानात "बुलेटचं सील द्या" म्हणू नका. व्हर्नियरने शाफ्ट आणि घर दोन्ही मोजून आकडे सांगा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. काळं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत निवांत चालतं आणि गिअरबॉक्सला तेवढं पुरतं. तपकिरी व्हायटॉन २०० अंशांपर्यंत जातं, महागही असतं. या कामाला त्याची गरज नाही, तेवढे पैसे लेथवर घाला.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. जिथे ओठ फिरतो त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला खाच पडलीय. रबराने पोलादाला खाच कशी पडेल असं वाटतं, पण ओठात अडकलेली धूळ सॅंडपेपरसारखं काम करते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. खाचेवर नवीन सील बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून झिरपणार. घरात जागा असेल तर सील मिलीमीटरभर अलीकडे-पलीकडे बसवा, ओठाला कोरी जागा मिळते. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंड.

येझदीवाला_नांदेड

थोडं विषयांतर, पण या धाग्यावर येझदी-जावावाले येणारच म्हणून लिहून ठेवतो. आमच्या टू-स्ट्रोकमध्ये उलटं होतं. बाहेर एक थेंब नाही आणि तरी गिअरबॉक्सचं तेल कमी होतं. फरशी कोरडी बघून माणूस खूश असतो. तेल जातं क्रँकच्या प्रायमरी बाजूच्या सीलमधून आत, क्रँककेसच्या ओढीने, आणि पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर. धूर वाढला, प्लग सारखा ओला यायला लागला आणि गिअरबॉक्सची लेव्हल उतरली, तर गळती शोधत बसू नका, ते सील बघा. मी अशी एक अख्खी दिवाळी कार्ब्युरेटर खोलण्यात घालवली होती.

परभणी_४३

अंबाजोगाईकर, भूकंपाचं वाचलं. डब्याचं बोललो ते मागे घेतो. पण ग्रीसचं मी हवेत बोललो नाही. आमचे चुलते १९७० च्या दशकापासून ग्रीसच भरायचे आणि त्यांचा बॉक्स कधी जाम झाला नाही. त्याचं उत्तर द्या कोणीतरी.

उदगीरचा_फिटर

चुलते बरोबर होते. हा बॉक्स मूळचा इंग्लंडच्या ऑल्बियन कंपनीच्या रचनेचा, आणि त्याला पातळ ग्रीस भरायचीच पद्धत होती. पण पातळ, म्हणजे मधासारखं वाहणारं. डबल झिरो ग्रेड म्हणून मिळतं. आता लोक डब्यातलं चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबतात. गिअर त्यात एकदा फिरले की चर पडतो, ग्रीस कडेला जाऊन बसतं ते परत येत नाही. गळती थांबलेली दिसते कारण आत वाहायला काही उरलंच नाही. बुश कोरडे पडतात. दोन वर्षांनी स्लीव्ह गिअरचा बुश खाल्लेला निघतो आणि मग पुन्हा तेल भरलं की धो धो.

तेलच वापरायचं तर डब्यावर जीएल-४ लिहिलेलं घ्या. जीएल-५ मध्ये गंधकाचं औषध जास्त असतं, ते ब्राँझ-पितळेच्या बुशला मानवत नाही.

अंबाजोगाईकर

उघडलं. दोन रविवार लागले. जे दिसलं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो, पण संताप येतो.

कव्हर काढताच आतून सिलिकॉनचे दोरे निघाले, लांबच लांब, शेवयांसारखे. मी बाहेरून नीट दिसावं म्हणून जाड थर दिला होता, तो सगळा आत दाबला गेला. एक तुकडा बुशच्या तेलाच्या भोकात अडकलेला होता. ही चूक माझी.

कव्हरच्या काठावर तीन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याचे वळ. मी नेहमी लाकडी दांड्याने ठोकून काढतो, म्हणजे हे गॅरेजचं काम. काच अंथरली, तिच्यावर कव्हर ठेवलं आणि फट मोजायच्या फीलर गेजचं ०.०५ मिलीमीटरचं पान खालून सरळ आत गेलं. तिथे पॅकिंग काय करणार?

मग तो स्क्रू, ज्याच्या डोक्याखाली पावडर ओली झाली होती. बाकीचे सगळे पाव इंची, इंचाला २६ आट्यांचे. हा एकच एम ६. बाबांनी तो शेजारी ठेवून मला समजावलं: पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर आणि एम ६ म्हणजे ६. आट्यांचं अंतर जवळपास सारखं, म्हणून तो हाताने छान आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि पाना आवळला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे टोकाशी सोलून काढतो. गॅरेजवाल्याकडे इंची स्क्रू नव्हता, त्याने हाताशी होता तो घातला. सांगितलं असतं तर मी लातूरहून आणून दिला असता.

डावी बाजू उघडायला सगळंच काढावं लागलं: प्रायमरी, अल्टरनेटर, चेन, क्लच, आतलं केस. मेन शाफ्ट हातात धरून हलवला तर स्लीव्ह गिअरच्या आत टक टक आवाज. काका, तुम्ही न बघता सांगितलं होतं. किक शाफ्टचं कव्हरमधलं भोकही लांबोळकं. वाळूजच्या ताई, जुन्या तिन्ही सीलांवर भिंग लावलं, तिन्हींचा पट्टा खालच्या अंगाला रुंद आणि वरच्या अंगाला धाग्याएवढा. तीन सीलं तेच सांगत होती आणि मी ती कचऱ्यात टाकणार होतो.

आता प्रश्न: बुश कशाचा करून घेऊ, आणि फट किती ठेवायला सांगू?

उदगीरचा_फिटर

स्लीव्ह गिअरला फॉस्फर ब्राँझ. किक शाफ्टच्या कव्हरला गनमेटल चालंल. लेथवाल्याला शाफ्ट सोबत द्या, नुसतं माप सांगून येऊ नका. फट दोन थाउ, म्हणजे ०.०५ मिलीमीटरच्या आसपास. बुश दाबून बसवला की तो आतून थोडा आवळतो, म्हणून शेवटचा हात रीमरचा (भोक नेमक्या मापाला आणायच्या हत्याराचा), बसवल्यावर. आधीच फायनल करून दाबला तर शाफ्ट जाणार नाही, मग लोक एमरी पेपरनं घासून पुन्हा वाकडा करतात.

कव्हर: काचेवर बारीक एमरी पेपर चिकटवा, थोडं रॉकेल, आणि इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हातानं घासा. सगळीकडं सारखा करडा रंग आला की थांबा. पॅकिंग कागदाचंच, दोन्हीकडनं ग्रीसचं बोट. सिलिकॉन नको.

अंबाजोगाईकर

लातूर एमआयडीसीत एका लेथवर काम करून घेतलं. मी समोर स्टूल घेऊन बसलो होतो. कारागिराने आधी शाफ्ट मोजला, तीन जागी, मग पुन्हा आडवा फिरवून तीन जागी. बुश दाबला, रीमर हाताने फिरवला, प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर शाफ्ट घालून बघितला. शेवटी शाफ्टला तेलाचं बोट लावलं, उभा धरून सोडला, आणि तो आपल्या वजनाने सावकाश, न अडकता, न डुलता खाली उतरला. मी ते चार वेळा करायला लावलं. तो हसला नाही, चारही वेळा करून दाखवलं.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वाशर नवीन मिळाला नाही. बाबा म्हणाले जुनाच दे. गॅसवर सांडशीत धरून लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. चुर्र झालं आणि काळा पापुद्रा सुटून गुलाबी तांबं वर आलं. मग तो बोटाने वाकत होता. तांबं तापवून पाण्यात टाकलं तरी मऊच होतं, पोलादाचं उलट, हे मला आजवर माहीत नव्हतं. आवळताना तो दाबला जाऊन नीट बसला.

शाफ्टला खाच होती, सील दीड मिलीमीटर आत बसवून ओठाला कोरी जागा दिली. रॉडला ग्रीस. जीएल-४ तेल लेव्हल स्क्रूपर्यंत, स्क्रू काढून ठेवला आणि टपकणं बंद होईपर्यंत थांबलो.

वाळूज_क्यूसी

फार छान. आता लगेच निकाल लावू नका. नव्या सीलच्या ओठाला शाफ्टशी जुळायला थोडा वेळ लागतो, पहिल्या काही किलोमीटरला किंचित ओल दिसली तरी घाबरू नका. २०० किलोमीटरनंतर पुन्हा धुऊन पावडर मारा.

येझदीवाला_नांदेड

आणि प्रायमरीचं तेल पूर्ण बदललंत ना? क्लच प्लेटा पेट्रोलने धुतल्या नाहीत तर आधीचं गिअर ऑइल प्लेटांतच राहील.

अंबाजोगाईकर

धुतल्या, दोनदा. सकाळचा खडकन् आवाज गेला.

आज ६४० किलोमीटर झाले, मध्ये दोन मोठे पाऊस आणि लातूरच्या तीन फेऱ्या. काल पुन्हा पावडर मारून घाटाखाली जाऊन आलो, उतरून बॅटरी घेऊन बसलो. किक शाफ्टभोवती पांढरं, वर आणि खाली दोन्हीकडे. स्प्रॉकेटच्या मागे पांढरं. प्रायमरीची लेव्हल होती तिथेच, वास साध्या तेलाचा. गिअरबॉक्समध्ये एक थेंब वर भरलेला नाही. बाबा चष्मा लावून खाली वाकले, बोट फिरवलं, बोटाला फक्त पावडर आली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी किल्ली मागून घेतली आणि योगेश्वरीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून आले.

एक जागा अजून घामेजते, त्या एम ६ वाल्या भोकाशी. आटे गेलेत, तात्पुरता लांब इंची स्क्रू घालून खालचे उरलेले आटे पकडलेत. तिथे हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी, बसवायचं आहे. पाव इंची, २६ आट्यांचा सेट कोणाकडे असेल तर सांगा, लातूर-नांदेड-उदगीर कुठेही येऊन घेऊन जातो.

परभणी_४३

माझ्याकडं आहे. चुलत्यांच्या पेटीत, टॅपसकट. रविवारी या, आणि येताना ती काच अन् भिंग घेऊन या, चुलत्यांचा बॉक्स उघडायचा आहे.